पोटातलं पाणी

रात्सिम्बा मोजून देतो: तेवीस.
ओल्या गोणपाटात तेवीस बेडूक, भातखाचरातले,
पाठीवर घाईत ओढल्यासारखी एक हिरवी रेघ.
मी मोजून घेते: बावीस.
एक तुझ्या वाटेत पळाला, मी म्हणते.
तुमच्या मोजण्यात पळाला, मादाम, तो म्हणतो.

करार जुना आहे आमचा.
मूत्राशय माझं, तंगड्या त्याच्या.
गुरुवारी मोरामांगाच्या बाजारात
गवताच्या काडीनं बांधलेल्या जुड्या जातात त्या,
आणि माझ्याकडे उरते चिमटीएवढी पिशवी,
मिठाच्या पाण्यात, भिंगाखाली.

दहांतल्या नऊ वेळा तिथे काही नसतं.
दहाव्या वेळी तो असतो.
तांदळाच्या कणीएवढा, चपटा,
मागच्या टोकाला सहा पेले,
पंगत उठल्यावर उपडे घालावेत तसे,
सहाही भिंतीला घट्ट.
अंग इतकं पारदर्शक
की प्यालेलं रक्त काळं होऊन
आतल्या आत जाळी विणताना दिसतं.

रात्सिम्बा एक डोळा मिटून पाहतो.
"हा मारत नाही तिला?"
नाही. घोटभर पितो. घर बुडवून जाईल कुठे?
"मग वर्षभर करतो काय?"
वाट पाहतो.

वर्षभर बेडकीच्या पोटातलं पाणी हलत नाही.
मग एका संध्याकाळी बाकुली, त्याची बायको,
परकर खोचून कालव्याचा बांध फोडते,
खाचरं भरतात, नर ओरडायला लागतात,
आणि बेडकी पाण्यात उतरते.
त्याच रात्री हा,
ज्यानं पाणी पाहिलेलं नाही, ओरडणं ऐकलेलं नाही,
हाही आपली अंडी सोडतो.
तिची पिल्लं, याची पिल्लं, एकच चिखल.
याची तिच्या पिल्लांच्या कल्ल्यांना धरून राहतात.
शेपूट झडायला आली, कल्ले मिटायला लागले
की बिऱ्हाड हलवायचं:
रात्रीतून, पोटाच्या कातडीवरून,
मागच्या दारानं आत.

"पण याला कळतं कसं?"
रक्तातून. तिच्या रक्तात काही बदलतं,
आणि हा तेच पितो ना.

रात्सिम्बा बराच वेळ गप्प.
मग म्हणतो, जेवण झालं की बाकुली
भांड्याला लागलेला भात उकळून पाणी देते.
ज्या दिवशी ते फार कडू असतं
त्या दिवशी मी आधी माफी मागून टाकतो.
काय केलं होतं, ते मागाहून कळतं.

*

यंदा खालची खाचरं विटांना गेली.
मालकानं माती विकली.
कालवा कोरडा; बाकुलीचं फावडं
वीटवाल्यांकडेच रोजावर जातं, तिच्यासकट.
धूर माझ्या खिडकीपर्यंत येतो,
काचपट्ट्यांवर बसतो.

रात्सिम्बा मोजून देतो: दहा.
मी मोजून घेते: नऊ.
थोराड, जुनी बेडकं.
तिसरीच्या पिशवीत एक नाही, चार.
चौघांच्याही अंगात अंडी,
कोऱ्या चहाच्या रंगाची, दाटीवाटीनं,
तयार, आणि न सोडलेली.
एका अंड्यात चार ठिपके दिसले.
डोळे आहेत ते, मी सांगितलं.
त्यानं पाहिलं नाही.

तंगड्यांचं पुडकं उचलून दारापर्यंत गेला, थांबला.
"विटांच्या खड्ड्यात पाणी साचलंय, मादाम.
गढूळ आहे. चालेल का ह्यांना?"
माहीत नाही, मी म्हणाले.
पगार मला ह्याच वाक्याचा मिळतो.

तो वळला तेव्हा दिसलं:
गुडघ्यांपर्यंत लाल, अजून ओला चिखल,
आमच्या वाटेवर कुठेच नसलेला.

वहीत मी लिहिलं: आणलेले, दहा. तपासलेले, नऊ.
खाली शेऱ्यासाठी जागा होती.